आक्काचं आजोळ

ज्या वर्षी आमच्या श्रेयाची बारावी झाली आणि गोठ्यातल्या कपिलेला जुळ्या कालवडी झाल्या, ते साल २०२४. कालवडींचं कौतुक गावभर झालं, श्रेयाचं घरापुरतं. श्रेया माझी नात, माझ्या गोरखची मुलगी. तिला पुण्याला पुढच्या शिक्षणासाठी जायचं होतं आणि त्यासाठी जातीचा दाखला हवा होता. दाखल्याला जुनी नोंद लागते, पणजोबाच्या किंवा त्याच्याही मागची. तेव्हा आमच्या बोरी बुद्रुकमध्ये घरोघर हेच चाललं होतं. डेअरीवर दूध घालायला आलेली माणसंसुद्धा फॅटचं बोलायची सोडून खापरपणजोबाचं बोलायची.

माझे सासरे धर्माजी मूळचे पेठचे. पेठ म्हणजे आंबेगाव तालुक्यातलं, पुणे-नाशिक रस्त्यावरचं. त्यांच्या मामाला मूलबाळ नव्हतं, म्हणून मामाच्या जमिनीवर ते बोरीला आले. आले तेव्हा बरोबर सासूबाई होत्या, आणि सासूबाईंच्या कडेवर आक्का. आमचे मालक पुढे इथेच जन्मले. त्यामुळे जुनं जे काही सापडायचं ते पेठच्या दप्तरात, आणि ते दप्तर घोडेगावच्या कचेरीत. गोरखने तिथे बऱ्याच खेपा घातल्या.

आक्का म्हणजे मालकांची थोरली बहीण. नाव इंद्रायणी, पण त्या नावाने तिला कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. तिचं लग्न लहानपणी झालं आणि नवरा लवकर गेला. मूल नव्हतं. ती माहेरी परत आली ती कायमची. मी १९६६ साली लग्न होऊन या घरात आले तेव्हा चुलीपुढे तीच बसलेली होती. तिने मला वर-खाली बघितलं आणि म्हणाली, "बारीक हाय. पण टिकल." तेव्हापासून आम्ही दोघी एका चुलीवर आहोत, पुढे एका गॅसवर. घरात भांडणं व्हायची ती आमची दोघींची नव्हेत, ती आक्काची आणि मालकांची. तीही बहुतेक चहावरून. मालकांना चहा पांचट वाटायचा, आणि आक्का म्हणायची, "तुझी जीभ पांचट हाय, गेणू."

मला अक्षरं आली ती बेचाळिसाव्या वर्षी. साक्षरतेचा वर्ग आमच्याच पडवीत भरायचा. आक्कालाही बसवलं होतं. ती दोन दिवस बसली, मग पाटी माझ्याकडे सरकवून म्हणाली, "तू शिक, मी ऐकते." तेव्हापासून घरात येणारा प्रत्येक कागद मी तिला वाचून दाखवते. विजेचं बिल, लग्नपत्रिका, औषधाच्या बाटलीवरचं. पत्रिका वाचताना एखादा मामा किंवा आत्या मी गाळली तर तिला लगेच कळायचं. "त्यांच्यात तर चार आत्या हायेत. चौथी कुटं गेली?" असं विचारायची.

तर गोरखला घोडेगावात पेठच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वहीची पानं मिळाली. झेरॉक्स घेऊन आला, पण सगळं मोडीत. आमच्यात मोडी कुणाला येणार? जुन्नरला इस्माईलभाई म्हणून आहेत. ते शाळेत शिकत होते तेव्हा तिथे मोडी शिकवत, आणि ते विसरले नाहीत एवढंच. गोरख त्यांच्याकडे निघाला तेव्हा मीही गाडीत बसले. सासूबाईंचं नाव कुठे लिहिलेलं असेल तर बघावं असं मला वाटत होतं. पाच वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली, आणि त्यांच्या नावाचा एकही कागद आमच्याकडे नव्हता.

इस्माईलभाई खाटेवर बसले होते. खाटेवर, खाटेखाली, खिडकीत, सगळीकडे लोकांनी आणून दिलेली पानं.

"बसा भाभी, जागा असल तिथं," ते म्हणाले. "ह्या साली अख्ख्या तालुक्याचे आजे-पणजे माझ्या खाटेवर येऊन बसलेत. मला झोपायला जागा न्हाई."

त्यांच्या घरच्या अनवरीभाभींनी आतून विचारलं, "चहा सबको चालेल ना?" आणि उत्तराची वाट न बघता टाकलासुद्धा.

इस्माईलभाईंनी भिंग घेतलं. पहिल्याच पानावर माझ्या आजेसासऱ्यांची नोंद निघाली, जातीसकट. गोरखने मोबाईल काढून तिथेच श्रेयाला कळवलं. काम झालं होतं. मी कप खाली ठेवला आणि उठायला लागले, तोच इस्माईलभाईंनी भिंग दुसऱ्या पानावर सरकवलं.

"थांबा, अजून एक हाय तुमच्याच घरचं. सगुणा, भ्रतार धर्माजी. वय वीस. मयत तारीख तीन डिसेंबर एकोणीसशे तेहतीस. कारण बाळंतरोग. खबर देणार कोंडाजी, मयताचा भाऊ, राहणार मढ."

गोरख हसला. "सगुणा म्हंजी आमची आजी. ती एकाहत्तर साली गेली. मी तिच्या मांडीवर खेळलोय. हितं चुकलंय काय तरी, चाचा."

"चुकलं असल. मी नुसतं वाचतो, भाऊ. मारत न्हाई कुणाला."

"सरकारनं आमच्या आजीला अडतीस वर्षं आधीच वर पाठवली व्हय."

मीही हसले. इस्माईलभाईंनी दोन्ही नोंदी साध्या लिपीत उतरवून दिल्या आणि आम्ही निघालो. नारायणगावच्या पुढे आलो आणि माझं हसू गेलं. सासूबाईंचं माहेर अवसरी. त्यांचे भाऊ मी बघितलेले आहेत, त्यांच्यात कोंडाजी कुणी नव्हता. मढचं तर नावही आमच्या घरात कधी निघालं नव्हतं. मढ तिकडे पश्चिमेला, माळशेजच्या वाटेवर. आणि तेहतीस साली आक्का दोन वर्षांची होती.

घरी आलो तेव्हा आक्का पडवीत शेंगा फोडत बसली होती. तिने शेंगा बाजूला केल्या. "वाच."

मी आजेसासऱ्यांची नोंद वाचली. तिने मान डोलवली. "आन आयचं नाव?"

"आईचं न्हाई निघालं," मी म्हणाले आणि कागद घडी करून पोलक्यात घातला. कागदाच्या बाबतीत मी तिच्याशी खोटं बोलले ते पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी देव घासायला मी घेतले. एरवी ते काम आक्काचं. आमच्या देवघरात खंडोबाचा टाक आहे, पत्र्यावर ठोकून उठवलेला, भैरवनाथाचा आहे, आणि आणखी एक लहान टाक आहे चांदीचा, वर कडी असलेला. हा सासूबाईंच्या गळ्यात असायचा, काळ्या दोऱ्यात, चोळीच्या आत. अंघोळ झाली की त्या आधी त्याला कुंकू लावायच्या आणि मग स्वतःला. यमाई आहे असं सांगायच्या. गेल्या तेव्हा त्यांनी तो आक्काच्या हातात दिला आणि एवढंच म्हणाल्या, "हिचं हळदकुंकू चुकवू नको." आक्काने चुकवलं नाही. नवरात्रात आम्ही त्याला साडीचा तुकडा नेसवत होतो.

मी तो चिंचेने घासला आणि उजेडात धरला. देवीच्या टाकाला हातात काहीतरी असतं, तलवार म्हणा, त्रिशूळ म्हणा. खाली सिंह नाही तर रेडा असतो. ह्याला काही नव्हतं. एक बाई उभी होती, हात खाली सोडून, डोक्यावरून पदर. माझ्या माहेरी शेजारच्या घरात असा टाक मी बघितला होता. पहिली बायको वारली आणि माणसाने दुसरी केली, की दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात. त्याला सवत म्हणतात. तिला विचारल्याशिवाय दुसरी नवं लुगडं नेसत नाही, घासातला पहिला घास तिच्या नावाचा. आता ते कुणी करत नाही. पण पन्नास वर्षांवर मी हा टाक बघत होते आणि मला कधी कळलं नाही, कारण सासरच्या देवांकडे कुणी शंका घेऊन बघत नाही. गावातल्या जुन्या बायकांना मात्र ते कळलं नसेल असं मला वाटत नाही. त्या बोलल्या नाहीत.

मालक गोठ्यात होते. शहाऐंशी वर्षांचा माणूस, पण कालवडींना दूध पाजायला दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नव्हते. मी त्यांना कागद वाचून दाखवला आणि टाक दाखवला. ते खूप वेळ कालवडीच्या कानामागे खाजवत राहिले.

"तुमाला ठाऊक व्हतं?" मी विचारलं.

"न्हाई." मग म्हणाले, "आय एकदा म्हणली व्हती, इंदीला मी पोटातनं न्हाई आणली, देवाकडनं मागून आणली. मला वाटलं, लाडानं म्हणती. मला लई राग आलेला. मी पोटातला आन ही देवाकडची."

"आक्काला सांगाय पायजे."

"न्हाई सांगायचं."

"का?"

"त्र्याण्णव वर्साची हाय ती. आता तिला सांगायचं का, बाई, ही तुझी आय नव्हं आन ह्यो भाऊ सावत्र? नवरा गेला तवा ती हितं आली ते आपलं घर म्हणून आली. उद्या चुलीपुढं बसल्यावर तिला एकदा जरी वाटलं, का आपण गेणूच्या घरात ऱ्हातो..." मग म्हणाले, "तू तो कागद जाळ."

"कागद जाळते. पण ती रोज आपल्या आईला कुंकू लावती आन तिला ठाऊक न्हाई, त्याचं काय?"

"कुंकू लागतंय ना? मग झालं."

मी कागद जाळला नाही, पण बोललेही नाही. त्यांचं म्हणणं मला पटत नव्हतं, आणि त्यांची भीती कळत होती. आक्का मानी बाई. वाटणीच्या वेळी हक्कसोडपत्रावर अंगठा देताना तिने तलाठ्याला सांगितलं होतं, "घर माझंच हाय, नुसतं नाव गेणूचं लावा." ते वाक्य तिला मागे घ्यावं लागू नये, एवढंच मालकांना हवं होतं.

पण मालकांना गुपित सांभाळता येत नाही. ते आक्काशी चांगलं वागायला लागले, आणि तिथेच बिघडलं. सकाळी चहा घेतला की म्हणायचे, "झक्कास झालाय." तिच्यासाठी आळेफाट्यावरून पेढे आणले. ती अंगणातून चालली की मागे मागे जायचे, पडेल म्हणून. एका दुपारी तिने मुद्दाम साखर न घालता चहा दिला. मालकांनी तो पिऊन "झक्कास" म्हटलं, आणि आक्का पदर तोंडाला लावून आत गेली.

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. मी जवळ जाऊन बसले.

"काय दुखतंय का, आक्का?"

"मला काय दुखणार. तू खोटं बोललीस माझ्याशी. जुन्नरचा कागद म्हणून आणलास, तो दवाखान्याचा कागद हाय. गेणूला काय तरी झालंय."

"न्हाई वो."

"मला शिकवू नको. माझा नवरा जायच्या आधी त्याचा भाऊ असाच गोड बोलाय लागला व्हता. गेणू माझ्या चहाला झक्कास म्हणतोय. त्याला किती दिस दिलेत डॉक्टरनं?"

मी हसणार होते, पण तिने ताट आणखी लांब ढकललं. मी गोठ्यात गेले आणि मालकांना म्हणाले, "तुमची बहीण तुमच्यासाठी सुतक धरून बसलीय. आता तुमीच काय ते निस्तरा."

ते आले. आक्काच्या पुढ्यात उकिडवे बसले, एखाद्या पोराने मार खायला बसावं तसे. सांगायला त्यांना जमलं नाही. "इंदे, मी मरत न्हाई," एवढं म्हणाले आणि माझ्याकडे बघायला लागले. मग मी पोलक्यातला कागद काढला आणि सगळा वाचला, एक अक्षर न गाळता. टाक तिच्या ओंजळीत दिला आणि तो कुणाचा ते सांगितलं.

आक्काने पहिल्यांदा मालकांच्याच तोंडाकडे बघितलं. "म्हंजी तुला काय झालेलं न्हाई?"

"न्हाई."

"मग असलं येड्यासारखं का वागत व्हतास?"

"तू मला सावत्र म्हणशील म्हणून."

"आता म्हणते. सावत्र. झालं समाधान?" असं म्हणून तिने त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग हात तिथेच ठेवला. बराच वेळ ठेवला. मालकांचे डोळे वाहत होते. ती टाकाकडे बघत होती.

"हिचं नाक झिजवलं की मी कुंकू लावून लावून," ती म्हणाली. मग मला विचारलं, "किती वय म्हणलीस?"

"वीस."

"श्रेयाच्या मागंपुढं." तिने टाक पदराने पुसला. "आन खबर कुणी दिली ते परत वाच."

"कोंडाजी, मयताचा भाऊ, राहणार मढ."

"म्हंजी माझा मामा. म्हंजी माझं आजोळ मढला हाय."

"आन अवसरीचं काय मग?" मालक नाक पुसत म्हणाले.

"ते बी हाय. ते तुझं आन माझं. हे नुसतं माझं. तुला तिथं येऊ द्यायचं का न्हाई ते मी बघीन." तिने ताट पुढे ओढलं. "उद्या जायचं. मी काय आता वर्सभर थांबणार न्हाई."

उद्या काही जमलं नाही. गोरखने आधी मढच्या एका ओळखीच्या माणसाला फोन करून कोंडाजीचं घर शोधलं. कोंडाजीचा नातू भिका तिथेच राहतो, शेती करतो, एवढं कळलं. गोरख त्याच्याशी बोलला तेव्हा भिका म्हणाला, "बोरीची पोरगी? जित्ती हाय? मग फोनवर काय बोलतोय, घिऊन ये."

आम्ही आळेफाटा, ओतूर करत गेलो. ओतूरच्या पुढे आक्काने काच खाली करायला लावली आणि शेवटपर्यंत लावू दिली नाही. मालक मागच्या सीटवर होते, मांडीवर पिशवी घेऊन. त्यांना येऊ दिलं होतं, पण पिशवी धरायला म्हणून.

भिका सत्तरीच्या घरातला, उंच माणूस. अंगणातच उभा होता. त्याची बायको शीला तांब्या घेऊन पुढे आली आणि तिने आक्काच्या पायावर पाणी घातलं. भिका खाली वाकला.

"लई उशीर केलास, आत्या," तो म्हणाला.

"मला कुणी सांगितलंच न्हाई रं."

"तसं ठरलंच व्हतं," भिका म्हणाला. आणि घरात बसल्यावर त्याने जे सांगितलं ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. ते त्याला त्याच्या आजीने, म्हणजे कोंडाजीच्या बायकोने सांगितलेलं होतं.

आक्काच्या आईचं माहेरचं नाव ठकू. पेठेत दुसऱ्या बाळंतपणात ती गेली. मुलगा झाला होता, तोही दोन दिवसांनी गेला. कोंडाजी तिला बाळंतपणाला घेऊन जायला पेठेला आला होता, तो मातीच देऊन परतला. जाताना त्याने दोन वर्षांची इंदी मागितली. धर्माजीने दिली नाही. भांडण झालं. पुढच्या वर्षी धर्माजीने अवसरीची यसू केली. आणि लग्न झाल्यावर यसू हट्टाने मढला आली, पोरीला कडेवर घेऊन.

"आजी सांगायची, पंधरा-सोळा वर्साची पोर व्हती ती," भिका म्हणाला. "आजाच्या पाया पडली आन म्हणली, मला तुमची बहीण समजा. ही पोर माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या. आजा म्हणला, सावत्र आय म्हणत्याल पोरीच्या तोंडावर, लोकं सोडणार न्हाईत. तर ती म्हणली, मग मला तिचंच नाव द्या. पोरीच्या आईचं नाव सगुणा, तर मी बी सगुणा. आमी पेठेत ऱ्हात न्हाई, बोरीला जातो, तिथं कुणाला ठाऊक न्हाई."

आक्काने मान वर केली नाही.

"मग आजानं ओतूरच्या सोनाराकडनं टाक करून आणला आन सोताच्या हातानं तिच्या गळ्यात बांधला. लेकीसारखी साडीचोळी करून पाठवली. आन म्हणला, आता आमी बोरीला पाय ठेवणार न्हाई. मामा म्हणून आलो, तर पोर इचारल, ह्यो मामा कुणाचा. एकदा इचारलं का सगळं उकललं. आमच्या घरात सगळ्यांना त्यानं शपथ घातली व्हती. पण ओतूरच्या बाजारात बोरीकडचं कुणी दिसलं, का त्याचं ठरलेलं. धर्माजीची थोरली बरी हाय का? एवढंच इचारायचा आन बैल जुंपायचा."

"माझ्या लग्नात अवसरीच्या मामानं दोन लुगडी आणली व्हती," आक्का म्हणाली. "मी म्हणलं, मामा यंदा लई उदार झाला."

"त्यातलं एक आमचं," भिका म्हणाला.

मालक इतका वेळ दाराशी बसले होते. ते म्हणाले, "भाऊ, आमच्या आयनं तुमचं लेकरू सांभाळलं ते बरं सांभाळलं का, हे कुणी येऊन बघितलं न्हाई मग."

"बघायचं काय, पावणं?" भिका म्हणाला. "त्र्याण्णव वर्साचं झालंय."

आक्का खूप हसली. रडली ती तेव्हाच, हसताना.

निघताना शीलाने सुपात खण, नारळ, तांदूळ आणले आणि मधेच थांबली. आक्का विधवा, तिची ओटी कशी भरायची, असं तिच्या मनात आलं असणार. ती भिकाकडे बघायला लागली. भिकाला काय कळणार. आक्काने ते ओळखलं. मालकांच्या हातातली पिशवी घेतली, त्यातून टाक काढला आणि पाटावर ठेवला.

"माझी नको. हिची भर. नव्वद वर्सांनी माहेरी आलीय, सवाष्ण हाय."

शीलाने टाकापुढे ओटी भरली. हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला, तांदळाच्या पाच ओंजळी घातल्या. घरातल्या सगळ्यांनी पाया पडून घेतलं. भिकाने पाया पडताना "आजे" म्हटलं. त्या वेळी टाकावरच्या बाईकडे बघून मला उगाच वाटलं, ही तर श्रेयापेक्षा थोडीच मोठी, आणि हिला सत्तर वर्षांचा माणूस आजी म्हणतोय.

त्यानंतर मढचं येणंजाणं सुरू झालं. भिकाने दिवाळीला आक्काला भाऊबीजेची साडी पाठवली. खरं तर तो भाचा, भाऊबीज त्याची नव्हे. पण ते आक्काने त्याला सांगितलं नाही. साडी दोन दिवस पडवीत दोरीवर टाकून ठेवली, येणाऱ्याजाणाऱ्यांनी विचारावं म्हणून. कुणी विचारलं की म्हणायची, "माझ्या आजोळची." मालक म्हणायचे, "रंग पांचट हाय." पुन्हा भांडणं रीतसर सुरू झाली आणि मला बरं वाटलं.

एक दिवस तिने मला समोर बसवलं आणि म्हणाली, "लिही. श्रेयाच्या पोरांना परत कचेऱ्या हिंडाय लागू नयेत. मोडीत न्हाई, साधं लिही. आन रडकं काय लिहू नको, नुसतं कोण आन कधी."

मी लिहायला बसले. मग कोण आणि कधी एवढ्याने भागेना. यसूने नाव का घेतलं ते लिहावं लागलं, ते लिहायचं तर टाकाचं लिहावं लागलं, टाकाचं लिहायचं तर सगळंच. आक्का रोज थोडं ऐकायची आणि चुका काढायची. धपाट्याचं मी लिहिलेलं तिला आवडलं नाही. म्हणाली, "एवढ्या जोरात न्हाई मारलं." पण ते मी तसंच ठेवलं आहे. शेवटचा भाग तिला वाचून दाखवायचा राहिला. तिने सांगितलं होतं तसं तो नुसता लिहिते.

सगुणा धर्माजी, माहेरची ठकू, मढची, ३ डिसेंबर १९३३ रोजी पेठ इथे बाळंतपणात वारली. सगुणा धर्माजी, माहेरची यसू, अवसरीची, १४ ऑगस्ट १९७१ रोजी बोरी बुद्रुक इथे वारली. त्या दोघींची मुलगी इंद्रायणी ९ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी, बोरी बुद्रुक इथे, स्वतःच्या घरी वारली.